गोदाआत्याचं माप

आमच्या घरी बायकांच्या चोळ्या शिवल्या जायच्या, पण बाईचं माप कधी घेतलं जात नसे. बाई दारात यायची, इकडंतिकडं बघून पदराआडून एक जुनी चोळी काढायची आणि आईच्या हातात देऊन म्हणायची, "हिच्यावरनं." झालं, माप झालं. तिला आम्ही मापाची चोळी म्हणत असू. आई ती फरशीवर पसरायची, वितीनं आणि बोटांनी मोजायची, नव्या खणावर खडूच्या खुणा करायची आणि कात्री चालवायची. मधल्या काळात बाई बाळंत झालेली असो, आजारानं वाळलेली असो नाहीतर सुखानं सुटलेली असो, ती फक्त तोंडानं सांगायची, "दोन बोटं सैल सोड," नाहीतर "काखंत ओढतंय जरा." अंगाला हात लावायची रीत नव्हती. घरात टेप होता, पण तो दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गळ्यात, आणि दादा दिवसभर गुलमंडीमागच्या दुकानात. त्या वर्षांत चिकलठाण्याला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येक कारखान्याला खाकी पँटी लागत होत्या. पाऊस नव्हता, पण दादांच्या मशीनला उसंत नव्हती.

मी तेव्हा पंधरा वर्षांची. नाव शकुंतला, हाक शके. भोचक होते, तोंडाळ होते आणि मला एका गोष्टीचा भारी गर्व होता, तो म्हणजे माझ्या बोटांचा. डोळे बांधून कापड हातात द्या, मी सांगायची हा खण, हे मांजरपाट, हे पॉपलीन, आणि हे पॉपलीन म्हणून कुणीतरी गळ्यात मारलेलं भलतंच काहीतरी. गर्व एक तशी लाजही एक होती. माझी छाती त्या वर्षी मला न विचारता वाढायला लागली होती आणि मी खांदे पुढे घेऊन, पुस्तकं पोटाशी धरून, कुबड आल्यागत चालायची. आई म्हणायची, "ताठ चाल की गं." आणि मी ताठ चालले की म्हणायची, "ओढणी घे नीट." आता मी सत्तरीकडे झुकले आहे, कुबड खरंच यायला लागलंय, आणि त्या पोरीचा मला राग येतो. इतकी चांगली पाठ होती, वापरली नाही.

गल्ली आमची जुन्या शहरातली, दोन खोल्या, वर पत्रा. सकाळी टँकरचा हॉर्न वाजला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची. भिंतीपलीकडं खाला राहायची. तिचं घर रुई पिंजणाऱ्यांचं, त्यामुळे दिवसभर तिकडून धनुकलीचा तांय तांय आवाज आणि इकडून मशीनची टकटक. रेशनवर लाल मिलो मिळायची, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत तिचे चार तुकडे व्हायचे, आणि खाताना घशात अडकायची. आई सोबत येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी करायची, चांगली झणझणीत, म्हणजे आमटीच्या नादात भाकरी खाली उतरावी. दादा म्हणायचे, "अमेरिकेत ही डुकरं खातात म्हणे." आई म्हणायची, "मग डुकरांना येसर कोण करून देतं?" अशा घरात त्या उन्हाळ्यात गोदाआत्या आली.

गोदाआत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. वैजापूरकडच्या गावात दिलेली, पस्तीस-छत्तीस वर्षांची, उंच, हसरी, आणि गोफण फिरवण्यात गड्यांना मागं टाकणारी. तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. गाठ काढायची म्हणून शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणली आणि डॉक्टरांनी सगळाच स्तन काढला. तिथून ती सरळ आमच्या घरी आली, अंग भरून येईपर्यंत राहायला. मामांना, म्हणजे तिच्या यजमानांना, फार दिवस थांबता येईना, गावाकडं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं होतं. आमच्या घरात स्तन हा शब्द कुणी उच्चारला नाही. "गोदीचं दुखणं" म्हणायचे. आत्या स्वतः तर काहीच म्हणत नव्हती. भिंतीकडं तोंड करून निजायची, पदर गळ्याभोवती दोनदा गुंडाळायची, आणि उजवा हात अंगाशी असा धरायची की तो मोडलेला आहे असं वाटावं. नर्सबाईंनी सांगितलं होतं, रोज भिंतीवर बोटांनी चढायचं, हात वर न्यायचा, नाहीतर तो तिथंच आखडून बसेल. आत्या भिंतीकडं बघायचीच नाही. आई विनवायची, दादा दारातून खाकरायचे, मी भिंतीवर कोळशानं पायऱ्या काढल्या. काही उपयोग झाला नाही.

मग एक दिवस आईनं तिच्या पुढ्यात जुन्या लुगड्यांची वाकळ टाकली. "वन्सं, हात रिकामा राह्यला की डोकं पिकतं. चार टाके घाला," म्हणाली आणि सुईत वीतभर दोरा ओवून दिला. वीतभर दोऱ्याला हात फार लांब न्यावा लागत नाही. आत्यानं टाके घातले. दुसऱ्या दिवशी आईनं दोरा चार बोटं लांब ओवला. तिसऱ्या दिवशी आणखी चार बोटं. धावदोरा घालताना दोरा पुरता ओढून घ्यावाच लागतो, आणि दोरा लांब म्हणजे हात लांब. मला ही लबाडी चौथ्या दिवशी कळली आणि मी आनंदानं ओरडणारच होते, पण आईनं असं बघितलं की तोंड मिटलं. पंधरवड्यात आत्याचा हात खांद्याच्या वर जाऊ लागला. एका दुपारी तिनं दोरा ओढता ओढता आपला हात वर, हवेत बघितला आणि म्हणाली, "वैनी, तुमी मला फशिवलं." आई म्हणाली, "व्हय." संध्याकाळी आत्यानं भाकरी स्वतः थापली. मिलोचीच. तिची मात्र कडेला फाटली नाही.

हे असं सुरळीत चाललेलं असताना गावाहून मामांचं पत्र आलं. आत्याच्या थोरल्या लेकीचं, सुमनचं, लग्न आधीच ठरलं होतं, दुष्काळ म्हणून थोडक्यात करायचं होतं, आणि मुलाकडच्यांनी आता पुढच्या पंधरा दिवसांतली तारीख धरली होती. पत्राच्या शेवटी दोन ओळी अक्कांच्या होत्या. अक्का म्हणजे मामांची मोठी बहीण, लग्नानंतरही त्याच गावात राहिलेली, घरातली सगळी कार्यं त्यांच्या शब्दानं व्हायची. त्यांना लिहिता येत नव्हतं, मामांकडून लिहून घेतलं होतं. गोदानं लग्नाला यावं, पण हळद जावेनं लावावी. सवाष्णीचं अंग पुरं लागतं. अपुऱ्या अंगाचा हात पोरीला पहिला लागू नये. पत्र मीच वाचून दाखवलं, आणि वाचतावाचता मला कळलं की हे वाचायला नको होतं. आत्या म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. ती उठली, मोरीत गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

आई भडकली. आईचं भडकणं म्हणजे भांडी आपटणं नाही. ती भडकली की शिवायला बसायची. तिनं ट्रंकेतून हिरव्या खणाचा एक तुकडा काढला, एकाच चोळीपुरता, आपल्या भाचीच्या लग्नासाठी ठेवलेला, आणि म्हणाली, "बघू कोण म्हणतं अपुरं. असं करते की कुणाला समजनार बी नाय." आत्याची मापाची चोळी घरातच होती, वर्षानुवर्षं तिच्याच मापानं आई तिला शिवत आली होती. ती पसरली, वितीनं मोजली, खण कापला. शिवून झाल्यावर उजव्या बाजूला आतून एक खिसा शिवला. आता खिशात काय भरायचं, हा प्रश्न आला, आणि आमच्या घरात मी कधी पाहिली नव्हती अशी लगबग सुरू झाली.

खालाला बोलावलं. खाला आली ती काखेत पिंजलेल्या रुईची गादीच घेऊन. "हौ, ये तो मेरा काम है," म्हणाली आणि रुईचा गोळा असा वळला की आई बघतच राहिली. आत्याला आत नेऊन चोळी घातली. समोरून छान दिसली. पण आत्यानं पाणी पिण्यासाठी हात वर केला आणि उजवी बाजू गळ्याकडं चढली. खाला म्हणाली, "रुई हलकी है ना, ठैरती नै. वजन होना." वजन म्हणजे काय घालावं? वाळू टोचेल. मोहरी महाग. मी म्हणाले, "मिलो!" आई म्हणाली, "गप." खाला म्हणाली, "बच्ची सही बोल रई." मग रुईच्या पोटात मिलोची पुरचुंडी बसवली. किती भरायची, हे कुणाला ठाऊक? आत्यानं डाव्या हातात डावा स्तन धरला, उजव्या हातात पुरचुंडी, डोळे मिटले, आणि गंभीरपणे म्हणाली, "जरा जास्त झाली." मी मूठभर काढली. "आता कमी." मी चिमूटभर घातली. खाला हसून हसून भिंतीला टेकली. आत्या मात्र हसत नव्हती. ती डोळे मिटून हात वरखाली करत होती, आणि ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करते आहे हे मला तेव्हासुद्धा समजलं.

चोळी झाली. तीन दिवस आत्यानं ती अंगावेगळी केली नाही. म्हणे सवय व्हायला हवी. दुसऱ्याच दिवशी टँकरवर तिची घागर भरताना पाइप उडाला आणि ती छातीपासून भिजली. लुगडं बदललं, पण चोळी काढायची म्हणजे पुन्हा ते अंग बघायचं, म्हणून ओल्या चोळीवरच पदर घेऊन बसली. उन्हाळाच असा होता की वरचा कपडा घटकेत सुकला. आत काय चाललंय हे कुणाला कळणार? पुढच्या दिवशी घरात आंबूस वास यायला लागला. आईनं पिठाचा डबा हुंगला, आमटीचं पातेलं हुंगलं, मला हुंगलं. त्यानंतरच्या सकाळी आत्या मोरीतून ओरडली, "वैनी! आवो वैनी! हिकडं या!"

आम्ही धावलो. मला वाटलं जखम उलली. आत्या चोळीचा खिसा उलटा करून उभी होती आणि तिच्या हातात ती पुरचुंडी होती, फुगून दुप्पट झालेली. कापडाच्या वीणीतून पांढरे मोड बाहेर डोकावत होते. मिलोला मोड आले होते. आम्ही तिघी त्या मोडांकडं बघत राहिलो. आणि मग आत्या म्हणाली, "अगं माय गं, रानात काय उगवंना, अन् माज्या छातीत पेरा झाला की!"

ती हसली. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा. आधी नुसतं नाकातून, मग पोट धरून, मग खाली बसून. आई तोंडात पदर कोंबून हसत होती, मी तर मोरीच्या उंबऱ्यावर आडवीच झाले. भिंतीपलीकडून खाला विचारत होती, "क्या हुआ? अरे क्या हुआ?" आणि आम्हाला सांगता येईना. इतकं मोठ्यानं बायका हसताना मी आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकलंय. पुढं आत्या पुष्कळ वर्षं जगली, सुमनच्या पोरांची लग्नं तिनं पाहिली, आणि आम्ही दोघी भेटलो की कुणीतरी एक जण नुसतं "पेरा" म्हणायची, की झालं.

हसू ओसरल्यावर आत्यानं डोळे पुसले, हातातली पुरचुंडी खाली ठेवली आणि एकदम शांत आवाजात बोलली. "वैनी, ही चोळी तुमी कुणाच्या मापानं शिवली?"

"तुमच्याच की वन्सं. तुमच्या मापाच्या चोळीवरनं."

"ती बाई आता हाय का?"

 मला वाटतं त्या क्षणी आईला तिची चूक कळली, आणि ती तिच्या कामातली चूक होती म्हणून जास्त लागली. चोळीच्या मापात कधी चुकले नाही असं सांगणारी बाई ती, आणि तिनं जी बाई उरलीच नव्हती तिच्या मापानं खण कापला होता. आत्या म्हणाली, "मी हितं उभी हाय. माझं माप घ्या. आता हाय त्या अंगाचं."

दुपारी दाराला आतून कडी घातली. आत्या चटईवर पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात बसली आणि तिनं पदर सोडला. आई खडू घेऊन पुढं झाली, वीत पसरली आणि तिचा हात आत्याच्या अंगापासून चार बोटांवर थांबला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माझ्याच्यानं नाय व्हायचं वन्सं." आत्या तिच्यावर रागावली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "शके, तू घे. तुजी बोटं म्हनं लई हुशार हायेत."

माझं काळीज धडधडत होतं, भीतीनं म्हणावं तर तसं नाही. आज आठवतं तेव्हाही मला ती धडधड मोठी छान वाटते. मी पुढं सरकून बसले. काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत एक तिरकी, गुळगुळीत, जांभळट रेघ होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा. मी नीट बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, टाके एकसारखे नाहीत गं. हितं लांब पडलेत."

आईनं मला चापट मारायला हात उचलला, पण आत्या पुन्हा हसायला लागली. "शिंप्याची पोर! डॉक्टरला सांगायचं व्हतं मग." त्यानंतर सगळं सोपं झालं. मी वीत टेकवली. त्वचा गरम होती, जखमेजवळ घट्ट, काखेकडं मऊ. मी माप सांगत होते आणि आई डोळे पुसत ते मनात ठेवत होती. मध्येच आत्या म्हणाली, "तू आता हात लावलास का?" मी म्हणाले, "हो, हा काय." ती म्हणाली, "मला कळलं नाय." मी बोट थोडं सरकवलं. "आता?" "नाय." आणखी सरकवलं. "आता?" "आता कळलं! हितं कळलं." तिचा आवाज एखाद्या लहान पोरीसारखा झाला. मग आम्हाला नादच लागला. जिथं स्पर्श कळत होता आणि जिथं कळत नव्हता, त्याच्या मधोमध मी शिंप्याच्या खडूनं रेघ ओढत गेले. ती रेघ सरळ नव्हती. गळ्याजवळून निघाली, वळली, खाली उतरली, पुन्हा वर चढून काखेत गेली. आत्यानं आरसा मागितला. ऑपरेशन झाल्यापासून तिनं आरशात मानेखाली बघितलं नव्हतं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजी येवढंच गेलंय. बाकी समदी मी हाय."

चोळी उसवली. खण तेवढाच होता, त्यामुळे चुकायची सोय नव्हती. उजव्या बाजूचा कटोरी घेतलेला भाग आईनं उलगडून सपाट केला, काखेत मोकळं सोडलं, आणि या वेळी कात्री लावण्याआधी कापड आत्याच्या अंगावर धरून बघितलं, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी तिनं तळहात अंगावर टेकवून माप पक्कं केलं. शिवून झाल्यावर आत्या म्हणाली, "आता द्या हिकडं." मी खडूची रेघ अंगावरून कापडावर उतरवून घेतली होती. आत्यानं लाल रेशमाचा लांबलचक दोरा ओवला, आणि त्या रेघेवर साखळी टाका घालत बसली. चार दिवस. हात पार डोक्याच्या वर जायचा आणि खाली यायचा. मध्ये मध्ये तिनं पानं काढली, तिला वाटली तिथं. बघणाऱ्याला वाटावं, बाईनं चोळीवर वेल काढलाय. त्या वेलाचा अर्थ आम्हा तिघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हता.

लग्नाला आम्ही एसटीनं गेलो. गाव उजाड, विहिरीत तळाचा चिखल, मांडवाला आंब्याच्या पानांऐवजी कडुलिंब. पण घरात बायका भरल्या होत्या आणि जात्याचा आवाज येत होता, म्हणून मला सगळं भरल्यासारखं वाटलं. सुमनला पाटावर बसवलं, हळदीची वाटी आली, आणि अक्का उभ्या राहिल्या. काळ्या, बारीक, आवाज असा की मांडवाबाहेरची माणसं गप्प व्हावी. "गोदे, तू आत बैस. हळद तुजी जाऊ लावंल. निरोप धाडला व्हता ना?"

आत्या आत गेली नाही. तिनं पदर डोक्यावरून खाली घेतला, अंगाभोवती फिरवला आणि कमरेला खोचला, खळ्यात कामाला उतरताना बायका खोचतात तसा. हिरवी चोळी सगळ्यांना दिसली. डावी बाजू भरलेली, उजवी सपाट, आणि सपाट बाजूवर लाल वेल. आत्या म्हणाली, "वन्सं, हे माझं अंग हाय. पुरं हाय का अपुरं, ते मी सांगनार. ह्या पोरीला म्या ह्याच छातीवर पाजली, दोन्ही बाजूंनी. तिला हळद लावायची का नको, ते तिला इचारा."

सुमननं मान वर केली. ती पोर इतकी लाजाळू की मागणी घालायला आलेल्यांपुढं तिला नाव सांगता आलं नव्हतं. ती म्हणाली, "आई, लाव." आत्यानं उजवा हात वाटीत बुडवला, तोच हात, आणि पोरीच्या गालांना, कपाळाला, दंडांना हळद लावली, आणि मग हात उंच उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. माझ्या आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं. बायका पुढं आल्या, गाणं सुरू झालं. अक्का कधी निघून गेल्या, कुणी पाहिलं नाही. आणि मी? मी त्या मांडवात पुस्तकं नसलेली, खांदे मागं घेतलेली, ताठ उभी होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. पाठ आपोआप तशी झाली.

संध्याकाळी लग्न लागून जेवणं उरकल्यावर मी धान्याच्या खोलीत चटई आणायला गेले, तर तिथं कोपऱ्यात अक्का बसलेल्या. मी मागं फिरणार तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली. आवाज तो मांडवातला नव्हताच. "ये पोरी. गोदीचं माप तू घेतलं म्हनं?" मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. मी मान हलवली. त्यांनी दाराकडं बघितलं, माझा हात धरला आणि त्यांच्या चोळीत, डाव्या बाजूला, काखेजवळ नेऊन ठेवला. "बघ बरं. हे काय हाय?"

माझी बोटं हुशार होती, हे मी आधीच सांगितलंय. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ती तशी नसती तर बरं झालं असतं. कातडीखाली हरभऱ्यापेक्षा मोठं, कडक काहीतरी होतं, आणि ते हलत नव्हतं. "दुखत नाय," अक्का म्हणाल्या, "म्हनून म्हटलं काय नसंल."

मी धावत जाऊन आत्याला आणलं. आत्या खाली बसली आणि तिनं त्याच जागी हात लावला. "कवापास्नं?" अक्का म्हणाल्या, "तू दवाखान्यात गेली त्याच्या आधीपास्नं." म्हणजे ते पत्र लिहून घेताना, ते शब्द मांडवात बोलताना, हे त्यांच्या अंगात होतं आणि त्यांना ठाऊक होतं. मला इतका राग आला की मी तोंड उघडलं. आत्यानं नुसत्या नजरेनं मला थांबवलं. "उद्या पहिल्या गाडीनं आमच्यासंगं चला," ती अक्कांना म्हणाली. "मी हाय संग."

सकाळची एसटी गच्च भरलेली होती, निम्मी माणसं शहराकडं काम शोधायला निघालेली. आत्या आणि अक्का एका बाकावर, आई आणि मी मागच्या. अक्का खिडकीबाहेरच्या कोरड्या रानाकडं बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "गोदे, लई वंगाळ दिसतं का गं ते?"  आत्यानं अक्कांचा हात घेतला, आपल्या पदराखालून चोळीच्या आत, त्या सपाट बाजूवर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "तुमीच बघा." मी मागून अक्कांचा खांदा बघत होते. तो आधी ताठ झाला, मग हळूहळू खाली आला. शहर येईपर्यंत अक्कांनी हात काढला नाही.